शिवणे

अकरा जण खेळत. बारावा मी.
माझं काम धरायचं:
सोराब दुबाशचं घड्याळ, रोहेकरचा चष्मा,
कायतानच्या गळ्यातला क्रूस,
त्र्यंबक अभ्यंकरची भिकबाळी.
सगळं उपरण्याच्या टोकाला बांधून
तासभर रेषेवर उभा राहायचो,
गहाण ठेवून घेणाऱ्या सावकारासारखा.

शिवाय वही होती. लाल पुठ्ठ्याची,
प्रिन्सिपलसाहेब महिनाअखेर तपासत.
लिंबं, एक आणा.
घोट्यांना तिळाचं तेल.
चेंडू शिवणे, दोन आणे;
हे मात्र दर आठवड्याला,
कारण आमचा एक गोल रुळांना लागून
आणि रुळांपलीकडे लगेच समुद्र.
मुकादम ताकदीने मारी, दिशेने नाही.
मग कायतान सदरा काढी, गाडी येत नाहीसं बघे,
आणि भरतीतून चेंडू घेऊन येई,
कलिंगडासारखा जड झालेला.

धोबी तलावाच्या कोपऱ्यावर रखमाजी बसे.
चेंडू कानाशी धरी, दाबी, ऐके.
"ह्याला मीठ बाधतंय," म्हणे.
आणि आरीला मेण लावी.

मेडिकलवाल्यांना हरवलं, दोन-शून्य.
परळच्या वर्कशॉपशी बरोबरी, इतक्या चिखलात
की कोण कुणाकडचा हे आवाजावरून ओळखलं.
मग पुण्यात उंदीर पडायला लागले,
वेलणकर तार खिशात घालून गेला.
आला तो गणपतीनंतर, तुळतुळीत डोक्याने.
कुणी काही विचारलं नाही.
त्या दिवशीच्या सगळ्या फ्री किक
दुबाशने त्यालाच मारू दिल्या.

सर्वांत उंच अभ्यंकर.
छातीवर घेई, मांडीवर घेई,
पण चेंडू डोक्यापाशी आला की मान आत,
कासवासारखी.
आम्ही ओरडायचो. तो हसायचा.
घरी मोरीशी आई तपेलं घेऊन उभी:
चामड्याला शिवून आलास, आधी आंघोळ, मग पाट.
पायांचं एक वेळ चालतं, ती म्हणे,
पाय काय, कुठेही जातात.
पण शेंडी?

शेवटचा सामना तोफखान्याच्या गोऱ्यांशी.
त्यांचे बूट, आमची नखं.
शून्य-शून्य, दुबाशच्या घड्याळात चार मिनिटं बाकी,
त्यांचा कॉर्नर.
आणि अभ्यंकर उडाला.
अख्ख्या मोसमात पहिल्यांदा, कुणी न सांगता,
डोकं पुढे.
थाड! ओल्या ढोलावर थाप पडावी तसं
रुळांपर्यंत ऐकू गेलं.

चेंडू आमच्याच गोलात.

गोऱ्यांनीसुद्धा क्षणभर टाळ्या वाजवल्या नाहीत.

नंतर तो चिखलात मांडी घालून बसलेला,
कपाळावर शिवणीचा लाल ठसा,
एका ओळीत सात टाके, मी मोजले.
भिकबाळी पुढे केली, ती मुठीत घेतली, घातली नाही.
कायतान काही बोलायला गेला आणि थांबला.

तेवढ्यात रखमाजी आला. तो सामन्याला आलाय
हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.
लांब उभा असणार, जिथे तो नेहमी उभा राही.
चेंडू उचलून त्याने फिरवला, एका जागी अंगठा ठेवला.
"हितं टाका उसवलाय. माझ्या हातची चूक.
म्हणून फिरला."
अभ्यंकरने मान वर केली.
बराच वेळ बघत राहिला, चेंडूकडे नाही.

जाताना गॅसच्या दिव्याखाली मी थांबलो.
बोट फिरवत सगळी शिवण चाचपली,
दोनदा.
एकही टाका उसवला नव्हता.

वहीत त्या तारखेला लिहिलंय:
हरलो, शून्य-एक.
लिंबं, एक आणा.
चेंडू शिवणे, दोन आणे.

सकाळी नेऊन दिले.
रखमाजीने घेतले, मोजून.